सरपंचबाईंची सही आणि माझं सोवळं

मी चिडखोर आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे जे घडलं त्यात निम्मा वाटा माझ्या चिडखोरपणाचा आहे. नाशिकला रविवार कारंज्याच्या मागच्या बोळात माझा कॉम्प्युटर क्लास आहे. तिथे मी टायपिंग शिकवते, जुनी मशीनं दुरुस्त करते आणि सापडेल त्याला लिनक्स घालून देते. लिनक्स ही उघडी सिस्टीम. तिच्या पोटात काय लिहिलंय ते ज्याला कळतं त्याला वाचायची मुभा असते. मिसळीच्या दुकानात भट्टी पुढ्यातच असावी, रस्सा कशाचा आहे ते गिऱ्हाइकाला दिसावं, तसं हे. आणि असल्या उघड्या रश्शात कुणी बंद पुडी ओतायला लागलं की माझं डोकं फिरतं.

बंद पुडी म्हणजे ब्राउझरची काही प्लगइनं. एखादी वेबसाइट म्हणते, माझं काम करायचं तर हे आधी बसवा. ते बनवणारी कंपनी आत काय लिहिलंय ते कुणालाही दाखवत नाही, पण बसवताना तुमच्या मशीनचा मुख्य पासवर्ड मात्र हक्काने मागते. अशी प्लगइनं मी माझ्या एकाही मशीनवर येऊ दिली नव्हती. नवरा याला माझं सोवळं म्हणतो. "शिवू नका, मॅडम सोवळ्यात आहेत," असं तो क्लासमधल्या मुलींना सांगतो आणि मी ऐकून न ऐकल्यासारखं करते. खरं सांगायचं तर मला त्या सोवळ्याचा अभिमान होता.

त्या मंगळवारी सकाळी क्लास सुरू असताना दारात माझी एक जुनी विद्यार्थिनी येऊन उभी राहिली. वणीच्या अलीकडच्या एका लहान गावातली ही बाई. लग्नानंतर शिकायला यायची. पहाटे सासऱ्यांच्या टेम्पोतून भाजी मार्केटला यायची आणि गाडी खाली झाली की थेट माझ्या क्लासला. तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या मुली म्हणायच्या, कीबोर्डला कोथिंबिरीचा वास येतो. पुढे ती गावची सरपंच झाली. तेव्हा तिच्या पंचायतीचं जुनं, मरायला टेकलेलं मशीन मीच नीट करून दिलं होतं, अर्थात लिनक्स घालून. त्याला तीन वर्षं झाली होती.

"मॅडम, मी सही केली नाय," ती म्हणाली. नमस्कार नाही, कसं काय नाही. डोळे सुजलेले होते.

मी पोरींना टायपिंगचा उतारा देऊन तिला आतल्या खोलीत नेलं, पाणी दिलं आणि तिने जे सांगितलं ते असं. तिच्या गावाच्या आणि शेजारच्या गावाच्या शिवेवर एक डोंगर आहे. तिथे कुणाला तरी खडी क्रशर टाकायचा होता. त्यासाठी दोन्ही पंचायतींची ना हरकत लागत होती. शेजारच्या गावाने दिली. हिच्या गावाने ग्रामसभेत साफ नकार दिला, कारण गावचा झरा त्याच डोंगराखाली आहे. आणि आता क्रशरवाल्याने एक पत्र गावभर फिरवलं होतं. "आमच्या गावाची हरकत नाही," एवढाच मजकूर, आणि खाली हिची डिजिटल सही.

"लोक म्हणतात मी डोंगर विकला. शाळेत पोरी लेकीला विचारतात, तुमच्या दारात नवी गाडी कधी येणार. परवा दिवशी दहाला ग्रामसभा हाय. तिथं मला उभं करणार. मॅडम, मी काय सांगू? सही तर माझीच हाय."

डिजिटल सही म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. पेनड्राइव्हसारखं एक डोंगल असतं, त्यात तुमची सही ठेवलेली असते. ते मशीनला लावायचं, पिन टाकायचा, की कागदावर सही उमटते. हातच्या सहीसारखी ती कुणाला गिरवता येत नाही. म्हणून कोर्टकचेरीत तिला मान आहे, आणि म्हणूनच ही पोर अडकली होती.

"डोंगल कुठे असतं तुझं?"

"वणीला. ऑपरेटरभाऊंकडं. आमच्याकडच्या दहाबारा गावांची तिथंच असतात."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, किंवा मला तसं वाटलं. दहाबारा गावांच्या सह्या एका माणसाकडे! "त्यानेच खाल्ले पैसे," मी टेबलावर हात आपटून म्हटलं. "त्यात विचारायचं काय?"

"मला पण पहिल्यांदा तेच वाटलं," ती म्हणाली. "पण मॅडम, तो माणूस तसा नाय."

तसा नसलेल्या माणसांची यादी माझ्याकडे मोठी होती. मी तिचं बोलणं कानाआड केलं आणि आधी पत्राची फाइल मागितली. इथून पुढचं सगळं मला आजही आठवलं की खुर्चीत बसवत नाही. लिनक्सवर एक छोटं, उघडं अवजार असतं. सही केलेली फाइल त्याला दाखवली की ते सहीच्या पोटातलं सांगतं: सही कुणाच्या डोंगलने झाली, कधी झाली, नंतर कागद बदलला का. मी फाइल दिली. नाव हिचं. वेळ सकाळी पावणेबाराची.

तारीख बघून तिने स्वतःच्या कपाळावर हात मारला. "ह्या दिवशी मी इथं नाशकात होते. सासूच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं."

"मग सुटलीस."

"कशी सुटले? फोनवरून सांगितलं असंल म्हणतील ना. डोंगल त्यांच्याकडं, सांगणारी मी."

ते खरं होतं. मी क्लासला कुलूप घातलं, पोरींना सुट्टी दिली, लॅपटॉप पिशवीत टाकला आणि आम्ही दोघी सीबीएस स्टँडवरून वणीची गाडी पकडली. गाडी देवीच्या गडावर जाणाऱ्या बायकांनी भरलेली होती. त्यातल्या एकीने आम्हाला ओटी भरायचं सामान कुठे मिळेल म्हणून विचारलं, आणि मी तिला इतकं तोडून उत्तर दिलं की बिचारी खिडकीकडे तोंड करून बसली. दिंडोरी मागे पडेपर्यंत मी त्या ऑपरेटरला काय काय सुनवायचं याची मनात उजळणी करत होते.

ऑपरेटर पन्नाशीचा, काटकुळा, चष्म्याला दोरी बांधलेला माणूस निघाला. पूर्वी टायपिंगची इन्स्टिट्यूट चालवायचा. दुकान स्टँडजवळ, आत दोन मशीनं, एक झेरॉक्स. टेबलावर एक यूएसबी हब, म्हणजे एकाच वायरीला बरीच डोंगलं लावायची पट्टी, आणि तिच्यावर ओळीने लावलेली डोंगलं. प्रत्येकाला वेगळ्या रंगाचा दोरा आणि दोऱ्याला गावाच्या नावाची चिठ्ठी. शेजारी उदबत्तीची राख. पंचायतींचे शिक्के जसे पूर्वीपासून एका विश्वासाच्या माणसाकडे ठेवायची रीत, तशीच ही डोंगलं त्याच्याकडे आलेली. आणि तो ती तितक्याच श्रद्धेने सांभाळत होता. रोज सकाळी पूजा करत होता.

मी मात्र श्रद्धाबिद्धा बघायच्या मूडमध्ये नव्हते. मी त्याला उभ्या उभ्या फैलावर घेतलं. त्याने मला पुरतं बोलू दिलं. माझं संपल्यावर म्हणाला, "मॅडम, ते पत्र शेजारच्या गावाचं होतं. क्रशरवाल्याने दोन्ही गावांना एकच मसुदा दिलेला, गावाचं नाव छापलेलंच नव्हतं. शेजारच्या सरपंचांनी मला सांगितलं, आमची सही करून पाठव. मी त्यांचंच डोंगल लावलं. देवाशप्पथ."

"मग हिचं नाव कसं आलं?"

"तेच तर मला कळत नाही. चार दिवस जेवण गेलं नाही मला."

माणूस खोटं बोलत असला की सविस्तर बोलतो. हा तसा नव्हता. मी जरा खाली आले. म्हटलं, "त्या दिवशी जसं केलंत तसं आत्ता करून दाखवा. एकही पायरी गाळू नका."

त्याने केलं. सकाळी आल्याआल्या हिच्या गावाचे जन्माचे दाखले असतात म्हणून हिचं हिरव्या दोऱ्याचं डोंगल आधी लावलं. पिन टाकला. "पिन लक्षात ठेवा" अशी एक चौकट होती, तिथे बरोबरची खूण आधीपासून होती. दाखले झाले. मग शेजारच्या गावाचं लाल दोऱ्याचं डोंगल हबवर लावलं. एक कोरा कागद उघडला, सहीचं बटण दाबलं. सहीसाठी मशीनवर बसवलेल्या बंद प्लगइनची चिमुकली खिडकी क्षणभर उघडली, मिटली. कागदावर हिरवी खूण आली.

"पिन विचारला का?" मी विचारलं.

"नाही. लक्षात राहतो ना त्याच्या."

"कुणाचा?"

त्याने हबकडे बोट केलं आणि तो थांबला. मग मी जवळजवळ ओरडलेच, "अहो, लाल डोंगलचा पिन तुम्ही आज टाकलाच नाही! मग लक्षात राहिलाय कुणाचा?"

तो कागद मी माझ्या लॅपटॉपवर घेतला. उघड्या अवजाराला दाखवला. सही लाल दोऱ्याची नव्हती. नाव हिचं होतं.

मी अशी उठले की स्टूल मागे कलंडलं. प्लगइन काय करत होतं ते आता आरशासारखं दिसत होतं. हबवर पाच डोंगलं असोत की दहा, ज्याचा पिन त्याच्याकडे आधीच आहे ते डोंगल ते गुपचूप वापरत होतं. कुणाच्या नावाने सही करतोय ते सांगत नव्हतं, विचारत नव्हतं. वर हिरवी खूण द्यायचं. ती खूण बघून सगळे समाधानी. खुणेवर क्लिक केलं तर नाव दिसतं, पण क्लिक कोण करतो? क्रशरच्या पत्रावर भांडण होतं म्हणून कुणीतरी केलं, एवढंच.

"त्या दिवशीचे शेजारच्या गावाचे बाकीचे कागद आहेत?" मी विचारलं.

होते. त्यांच्या अंगणवाडीचं छप्पर दुरुस्त करण्याचा ठराव होता, वर त्यांच्या पंचायतीचं नाव ठसठशीत छापलेलं. मी फाइल दिली. खाली सही, माझ्या विद्यार्थिनीची. पाणीपुरवठ्याच्या ठरावावर तिचीच. दुसऱ्या गावच्या अंगणवाडीच्या छपरावर ही बाई कशाला सही करेल? ती स्क्रीनकडे बघत एकदम हसली, आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला. ऑपरेटरने चष्मा काढून टेबलावर ठेवला. आपण चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालो होतो हे मला तेव्हा कळलं. मी त्याची माफी मागितली. त्याने चहा मागवला.

चहा पिता पिता मी प्लगइनवाल्यांच्या नावाने शंख सुरू केला. बंद माल असाच असतो, आत बघू देत नाहीत, म्हणून तर मी... वगैरे. ऑपरेटर मान डोलावत होता. मग तो अगदी सरळ मनाने म्हणाला, "बरोबर आहे तुमचं. ताई पहिल्यांदा डोंगल घेऊन आल्या तेव्हा म्हणाल्या होत्याच, आमच्या गावातलं मशीन मॅडमनी चांगलं केलंय, पण हे त्यावर बसवायचं नाही म्हणाल्यात. म्हणून तुमच्याकडे ठेवते."

मी कप खाली ठेवला.

मला सगळं आठवलं. तीन वर्षांपूर्वी, पंचायतीच्या त्याच खोलीत, हिने नवीन डोंगल माझ्यापुढे धरलं होतं आणि विचारलं होतं, "मॅडम, हे पण बसवून देता का?" आणि मी नाक मुरडून म्हटलं होतं, "असली घाण माझ्या मशीनवर येणार नाही. त्या कामाला वणीला जात जा." ती गेली. रोज कोण जाणार म्हणून डोंगल तिथेच ठेवलं. पिन सांगितला. माझं मशीन स्वच्छ राहिलं, आणि तिची सही दहाबारा गावांच्या गर्दीत उघड्यावर पडली. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ मी वणीपर्यंत शोधत आले होते.

मी तिच्याकडे बघितलं. ती खाली बघून बशीतला चहा पीत होती. निघताना तिने हिरव्या दोऱ्याचं आपलं डोंगल मागून घेतलं. परतीच्या वाटेवर तिने तो विषय काढला नाही, आणि काढायचं धाडस मलाही झालं नाही.

बुधवारी सकाळी मी तिच्या गावात होते. रात्रभर ठरवून टाकलं होतं: प्लगइन बसवायचं, तिच्याच पंचायतीच्या मशीनवर, माझ्याच हाताने. ग्रामसभेला डोळ्यांनी दाखवल्याशिवाय कुणाला पटणार नव्हतं, आणि डोंगल यापुढे गावातच ठेवायचं असेल तर दुसरा मार्गही नव्हता. प्लगइनने मुख्य पासवर्ड मागितला. मी टाकला. खोटं कशाला सांगू, एंटर दाबायच्या आधी मी तो दोनदा पुसला.

पण त्यानंतरचे चार तास मी जी मजा केली तशी कित्येक वर्षांत केली नव्हती. उघड्या सिस्टीमची गंमत ही, की तिच्यात बंद डबा ठेवला तरी डब्याभोवती दिवे लावता येतात. आत काय शिजतंय ते दिसत नाही, पण डबा कुणाशी बोलतो, कधी जागा होतो, कुठल्या फाइलला हात लावतो, ते सगळं दिसतं. मी बघत बसले. ब्राउझर बंद केला तरी ते जागंच राहत होतं. डोंगल लावलेलं असेल तर कुठलंही उघडं पान त्याला हाक मारू शकत होतं. डोंगल उपसलं की मात्र गप्प. प्रत्येक शोधाला मी मोठ्याने "सापडलं" म्हणत होते आणि शेजारच्या टेबलावरचे ग्रामसेवक दचकत होते.

सहीच्या कामाला मी मशीनवर वेगळं खातं काढलं, त्यात वेगळा ब्राउझर ठेवला आणि पंचायतीच्या बाकी फाइली त्याच्या नजरेआड केल्या. आपोआप सुरू व्हायची त्याची सवय मोडली. पिन लक्षात ठेवायची चौकट रिकामी केली. सरपंचबाई शेजारी बसून सगळं बघत होती. शेवटी तिने एक प्रश्न विचारला, जो मला इतक्या वर्षांत सुचला नव्हता.

"मॅडम, आमच्याकडं अंगठा उठवायच्या आधी कागद वाचून दाखवतात. आईच्या वेळेपासून. हे प्लगइन पिन मागतं, पण सही कशावर अन् कुणाची ते वाचून दाखवतं का?"

"नाही."

"मग ते काम आपण करायचं."

झालं. पद्धत तिने ठरवली, मी फक्त कागदावर उतरवली. एका वेळी एकच डोंगल. आधी कागद मोठ्याने वाचायचा. मग सही. मग लगेच डोंगल उपसायचं. आणि मग सही झालेला कागद माझ्या उघड्या अवजाराला दाखवून त्यातलं नावही मोठ्याने वाचायचं. आत बघता येत नसेल तर बाहेर काय पडलं ते तरी बघायचं. "आता हे पुरतं सुरक्षित झालं का?" तिने विचारलं. मी म्हटलं, "नाही. आत काय आहे ते मला अजून माहीत नाही." "पण डोंगल माझ्याकडं हाय," ती म्हणाली.

गुरुवारी दहाला मारुतीच्या देवळासमोरच्या मंडपात माणूस मावत नव्हता. शाळेचा मोठा टीव्ही आणून मशीनला जोडला होता. शेजारच्या गावचे सरपंच आपलं लाल दोऱ्याचं डोंगल घेऊन मोटरसायकलवरून आले होते, रागातच, कारण आपल्या गावच्या ठरावांवर बाईमाणसाची सही आहे हे त्यांना ऑपरेटरने सांगितलं होतं. ऑपरेटरही आला होता, खांबाला टेकून उभा.

मी फार बोलले नाही. हातच्या कांकणाला आरसा कशाला? वणीला होतं तसंच मशीन आधी मुद्दाम लावून ठेवलं, पिन लक्षात ठेवायच्या चौकटीसकट. सरपंचबाईने तिचं डोंगल लावलं, पिन टाकला. मग शेजारच्या सरपंचांना म्हटलं, तुमचं तुमच्या हाताने लावा. त्यांनी लावलं. आता कागदावर काय लिहू, असं सभेला विचारलं. मागून कुणी तरी म्हणालं, "सभेला चहा मिळावा म्हणून लिहा." मी तेच लिहिलं. "सही शेजारच्या सरपंचांची," असं मोठ्याने सांगून त्यांनाच बटण दाबायला लावलं. हिरवी खूण आली.

"झाली का तुमची सही?"

"झाली की."

मग उघडं अवजार चालवलं. टीव्हीवर अक्षरं आली. पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्या बाबांनी चष्मा वर करून, एकेक अक्षर जोडत नाव वाचलं. ते नाव आमच्या बाईचं होतं.

पहिल्यांदा बायकांच्या बाजूने हसू फुटलं, मग सगळीकडून. मी अंगणवाडीच्या छपराचा ठराव दाखवला, पाण्याचा दाखवला. शेजारचे सरपंच आधी लालबुंद झाले आणि मग स्वतःच हसायला लागले. "म्हणजे माझ्या गावचा कारभार हीच चालवत होती का? तरीच बरा चालला होता." त्यांनी भर सभेत सांगितलं की ते पत्र त्यांच्या गावाचं होतं, सही त्यांची हवी होती. खांबाला टेकलेला ऑपरेटर खाली बसला.

मला वाटलं संपलं. पण ज्याने क्रशरवाल्याला ते पत्र गावभर फिरवायला मदत केली होती तो पंचायतीचा सदस्य उठला. "यंत्र चुकलं, मान्य हाय. पण गावची किल्ली वणीला गेलीच कशी? सरपंचांनी ती दुसऱ्याच्या हातात दिली का नाय? मग बेजबाबदार कोण?"

प्रश्न खोटा नव्हता. मी सरपंचबाईकडे बघितलं. एक वाक्य बोलली असती तर सुटली असती: मॅडम नको म्हणाल्या. ती बोलली नाही. हिरव्या दोऱ्याचं डोंगल मुठीत धरून उभी राहिली. क्लासमध्ये मी चिडले की अशीच उभी राहायची.

मी उठले. आवाज नेहमीसारखा चढा लागेना. म्हटलं, "ते मी केलं. तीन वर्षांपूर्वी ती माझ्याकडे हे बसवून मागत होती. बंद वस्तू माझ्या मशीनवर नको म्हणून मी नाही म्हटलं आणि तिला वणीला पाठवलं. मशीन स्वच्छ ठेवायच्या नादात मी तिची सही धोक्यात घातली. तिची चूक नाही. माझी आहे."

मग सरपंचबाई ग्रामसेवकांकडे वळली आणि नेहमीच्या, कामाच्या आवाजात म्हणाली, "भाऊसाहेब, मॅडम बोलल्या ते इतिवृत्तात घ्या. अन् आधी आपलं हरकतीचं पत्र."

हरकतीचं पत्र तिने स्वतः वाचलं, सावकाश, मागच्यांना ऐकू जाईल असं. आमच्या गावाची हरकत आहे, झरा डोंगराखाली आहे. मी मशीनची मांडणी पुन्हा कालच्यासारखी केली, लाल दोरा काढायला लावला. तिने एकटं आपलं डोंगल लावलं, पिन टाकला, सही केली, डोंगल उपसलं आणि कमरेच्या बटव्यात टाकलं. बाबांनी पुन्हा चष्मा वर करून नाव वाचलं. या वेळी त्यांना अक्षरं जोडावी लागली नाहीत.

तोवर ग्रामसेवकांनी रजिस्टरात लिहून घेतलं होतं. त्यांनी उभं राहून वाचलं: "संगणक बसवून देणाऱ्या मॅडमनी सही गावाबाहेर जाण्यास आपण कारणीभूत असल्याचं सभेपुढे मान्य केलं." वाचून झाल्यावर त्यांनी रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं आणि निळं बॉलपेन दिलं.

"मॅडम," सरपंचबाई म्हणाली, "आधी वाचून बघा."

मी पहिल्या ओळीपासून वाचलं. सगळं बरोबर होतं. मग मी सही केली.